एका गीताची वाटचाल

पहाटेच्या काळोखात जात्याची घरघर सुरू झाली, की तिच्याबरोबर ओवीचा सूर उमटू लागे. अशी एके काळी महाराष्ट्रातील घरोघरची रीत होती. ती ओवी प्रथम कोणी रचली, हे गाणाऱ्या बाईला ठाऊक नसे. तिने ती आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली असे, आणि आईने आजीच्या. कोणी तीत आपल्या भावाचे नाव गुंफी, कोणी माहेरच्या गावाचे. कोणी एखादा शब्द बदली, तर कोणी आपल्या सुखदुःखाची एक ओळ वाढवी. अशा रीतीने अनेकींच्या कंठांतून फिरत फिरत ओवी घडत जाई. तिच्याखाली कोणाचेही नाव नसे, आणि म्हणूनच ती सर्वांची असे.

जगातील एका अतिशय प्रसिद्ध गीताचा जन्मही असाच झाला आहे. त्या गीताचे हिंदी रूप तुम्हांला परिचयाचे आहे. शाळेच्या मेळाव्यात, प्रभातफेरीत किंवा राष्ट्रीय सणाच्या दिवशी ‘हम होंगे कामयाब’ हे गीत तुम्ही कित्येकदा म्हटले असेल. परंतु हे गीत मुळात आपल्या देशातील नव्हे. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ते जन्मास आले. तेथे त्याचे नाव ‘वुई शॅल ओव्हरकम’, म्हणजे ‘आम्ही मात करू’, असे आहे. सणासमारंभात म्हणावयाचे गीत म्हणून ते घडलेले नाही. ज्यांच्या वाट्याला अपमान, दारिद्र्य आणि तुरुंगवास आला, अशा माणसांनी एकमेकांना धीर देण्यासाठी ते घडविले. ते कोणी, कोठे आणि कसे घडविले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे आणि तंबाखूचे विस्तीर्ण मळे होते. त्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणली जात आणि गुरांप्रमाणे बाजारात विकली जात. या गुलामांना लिहिण्या-वाचण्यास शिकविणे हा कित्येक राज्यांत गुन्हा मानला जाई. त्यांच्या हातून पुस्तक काढून घेता आले, परंतु ओठांवरचे गाणे काढून घेणे धन्यांना साधले नाही. दिवसभर राबताना आणि रात्री प्रार्थनेला जमल्यावर ही माणसे गात असत. या जन्मी सोसलेल्या दुःखाचा एक दिवस अंत होईल आणि आपले सारे नीट होईल, अशी आशा त्या भक्तिगीतांतून वाहत असे.

१८६५ साली घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. बेड्या तुटल्या, पण भेदभाव तुटला नाही. दक्षिणेतील राज्यांनी नवे कायदे केले. गोऱ्यांच्या शाळा निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या. पाणी पिण्याचे नळ निराळे, गाडीतील जागा निराळ्या. गोऱ्यांच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयाला शेजारी बसून चहाचा एक पेलाही घेता येत नसे. घटनेने मताचा अधिकार दिला होता. परंतु परीक्षा, कर आणि धाकदपटशा यांचे अडसर घालून तो व्यवहारात हिरावून घेतला जात असे.

याच काळात फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स अल्बर्ट टिंडली या नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांचा जन्म १८५१ साली झाला. त्यांचे वडील गुलाम होते. ज्या चर्चमध्ये टिंडली तरुणपणी झाडलोट करीत, त्याच चर्चचे ते पुढे मुख्य उपदेशक झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे एक प्रार्थनागीत प्रसिद्ध झाले. संकटांशी झगडणारा एक भक्त त्यात स्वतःशी निर्धार करतो, की मी कधीतरी या सर्वांवर मात करीन. आपल्या गीताचा एक झरा येथे उगम पावतो. दुसरा झरा गुलामांच्या जुन्या भक्तिगीतांतून आला. कोणत्या झऱ्याचे पाणी किती, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. परंतु नदी एका झऱ्याने बनत नाही, एवढे मात्र निश्चित.

चर्चमधले हे शब्द लवकरच कामगारांच्या सभेत जाऊन पोहोचले. खाणकामगारांच्या संघटनेचे एक नियतकालिक होते. त्याच्या फेब्रुवारी १९०९ च्या अंकात एका कामगाराचे पत्र छापले गेले आहे. आदल्या वर्षीच्या संपात आपण प्रत्येक सभेचा आरंभ प्रार्थनेने आणि मात करण्याच्या त्या जुन्या गाण्याने करीत होतो, असे त्याने त्यात लिहिले आहे.

गीताला निश्चित वळण लागले ते मात्र १९४५ साली, आणि तेही एका कारखान्याच्या फाटकासमोर. दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या शहरी सिगार तयार करण्याचा एक मोठा कारखाना होता. तेथे राबणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया पुष्कळ होत्या. मजुरी अपुरी, वागणूक अपमानकारक आणि वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव, अशी तेथील स्थिती होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये कामगारांनी संप पुकारला. दिवसांमागून दिवस गेले. पावसाळी, बोचरा हिवाळा आला. घरी चुलीला अन्न नाही, हाताला काम नाही, आणि फाटकाबाहेर भिजत उभे राहावयाचे! अनेकांचे धैर्य खचू लागले असल्यास नवल नाही.

त्या संपकऱ्यांत ल्यूसिल सिमन्स नावाची एक कामगार स्त्री होती. दिवसाचा पहारा संपला, की ती आपल्या खड्या आवाजात, अतिशय संथ लयीत, चर्चमधले ते गाणे म्हणू लागे. एकेक शब्द ती लांबवीत नेई आणि बाकीच्या बाया त्या सुरात आपला सूर मिळवीत. मूळ गाण्यात ‘मी’ होता. येथे फाटकासमोर तो ‘मी’ पुरेसा वाटेना. कारण एकटीने मात करण्यासारखे ते संकट नव्हते. तेव्हा ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आला. एवढासा बदल, परंतु त्यामुळे एका भक्ताची प्रार्थना अनेकांची प्रतिज्ञा झाली.

पुढे १९४६ च्या वसंत ऋतूत तो संप मिटला. मागणीच्या मानाने कामगारांच्या पदरात थोडेच पडले. तथापि त्यांनी जगाच्या पदरात जे टाकले ते मोलाचे होते. त्या संपातील काही कामगार टेनेसी राज्यातील ‘हायलँडर फोक स्कूल’ या शाळेत आले आणि आपल्याबरोबर हे गाणे घेऊन आले.

ही शाळा तुमच्या-आमच्या शाळांसारखी नव्हती. मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी ती १९३२ साली डोंगराळ भागात स्थापन केली होती. तेथे परीक्षा नव्हत्या आणि पदव्याही नव्हत्या. शेतकरी, खाणकामगार, गिरणीकामगार असे प्रौढ स्त्री-पुरुष तेथे काही दिवस एकत्र राहत, आपल्या अडचणींचा विचार करीत आणि संघटित होण्यास शिकत. विशेष गोष्ट ही, की गोरे आणि काळे तेथे एका मेजावर जेवीत. दक्षिणेत तेव्हा हे धाडसाचेच काम होते.

मायल्स हॉर्टन यांच्या पत्नी झिल्फिया या शाळेत संगीत शिकवीत. आलेल्या प्रत्येक गटाकडून त्या त्यांची गाणी शिकून घेत आणि पुढच्या गटाला ती शिकवीत. चार्ल्सटनच्या कामगारांकडून ऐकलेले गीत त्यांना फार आवडले. १९४७ मध्ये त्यांनी ते पीट सीगर या तरुण लोकगायकाला शिकविले. सीगर यांनी ते आपल्या तंतुवाद्यावर बसविले, त्यात काही कडवी घातली आणि गावोगावी गायिले. १९४८ साली लोकगीतांच्या एका पत्रिकेत ते छापले गेले. याच सुमारास मूळच्या ‘विल’ या शब्दाच्या जागी ‘शॅल’ हा शब्द आला. अर्थात मोठासा फरक नव्हता. पण या शब्दाने तोंड अधिक मोकळे उघडते आणि सूर भरदार लागतो, असे सीगर म्हणत. गंमत अशी, की हा बदल आपण केला की हायलँडरमधील शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी, हे पुढे त्यांनाही खात्रीने सांगता येईना! आपल्या ओव्यांचीही हीच कथा नव्हे काय?

आता या गीताच्या आयुष्यातील एका रात्रीची हकीकत ऐका. ३१ जुलै १९५९ चा तो दिवस. हायलँडर शाळेत अलाबामा राज्यातील मंटगमरी गावची काही कृष्णवर्णीय मुले-मुली आली होती. त्यांत जमिला जोन्स ही अवघ्या चौदा वर्षांची मुलगी होती. रात्री अचानक पोलिसांनी शाळेवर धाड घातली. शाळेत मद्य असल्याचा संशय हे निमित्त होते. काळे आणि गोरे एकत्र राहतात, हा खरा सल होता. दिवे मालविण्यात आले. अंधारात हत्यारबंद माणसे खोल्याखोल्यांतून फिरू लागली. सेप्टिमा क्लार्क यांना त्या रात्री अटक झाली. मुले भिंतीला टेकून बसून राहिली. कोणी दिसत नव्हते. ऐकू येत होता तो फक्त बुटांचा आवाज.

अशा वेळी कोणीतरी ते गीत गुणगुणू लागले. एकाचे दोन झाले, दोनाचे वीस झाले. गाता गाता जमिलाने एक नवे कडवे जोडले. आम्हांला भय वाटत नाही, असा त्याचा आशय होता. भय वाटत होतेच. परंतु ‘वाटत नाही’ असे सर्वांनी मिळून म्हणताच ते ओसरू लागले. पुढे मोठेपणी त्यांनी या प्रसंगाची आठवण सांगितली आहे. एक शिपाई त्यांच्याजवळ आला आणि गायचेच असेल तर इतक्या मोठ्याने गायला हवे काय, असे त्याने विचारले. तसे विचारताना तो थरथरत होता. ज्याच्या हाती शस्त्र आणि सत्ता, तो थरथरतो आणि निःशस्त्र मुले गातात, हे पाहून गाण्यात केवढे सामर्थ्य असते ते आपल्याला त्या रात्री कळले, असे त्या म्हणत.

सरकारने १९६१ मध्ये त्या शाळेची मान्यता काढून घेतली. तिची इमारत आणि जमीन गेली. तरीही चालकांनी दुसऱ्या ठिकाणी, नव्या नावाने, ते कार्य चालू ठेवले.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातील नागपूर शहरातूनही जातो. जेम्स लॉसन या नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. युद्धात लढणे आपल्या विवेकबुद्धीस पटत नाही, म्हणून सैन्यभरती नाकारल्याबद्दल त्याने स्वदेशी तुरुंगवास भोगला होता. नागपुरात तो विद्यार्थ्यांना खेळांचे शिक्षण देई आणि फावल्या वेळी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करी. डिसेंबर १९५५ मध्ये तेथील वृत्तपत्रात त्याने एक बातमी वाचली. मंटगमरी गावात कृष्णवर्णीयांनी अपमान सहन करण्याऐवजी बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता आणि मार्टिन ल्यूथर किंग हे तरुण धर्मोपदेशक त्यांचे नेतृत्व करीत होते. आपण ज्या मार्गाचा शोध घेत आहोत, तो मार्ग आपल्याच देशात कोणीतरी चालू लागले आहे, हे पाहून लॉसन यांना मोठा हर्ष झाला. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. पुढील वर्षी किंग यांची आणि त्यांची भेट झाली, आणि दक्षिणेत येऊन काम करण्याची किंग यांची विनंती त्यांनी मान्य केली.

नॅशव्हिल शहरी लॉसन यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. ते वर्ग मोठे विलक्षण होते. काही विद्यार्थी गुंडांचे सोंग घेऊन शिव्या देत, ढकलत, अंगावर धावून जात. बाकीच्यांनी हात न उगारता, राग न आणता आपल्या जागी बसून राहावयाचे. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुले प्रत्यक्षच गोऱ्यांच्या उपाहारगृहांत जाऊन शांतपणे बसू लागली. त्यांच्यावर मार पडला, त्यांना कैद झाली. परंतु एका तुकडीला पकडून नेले, की तिच्या जागी दुसरी येऊन बसे. या कार्याबद्दल लॉसन यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात उत्तर कॅरोलिनातील राली या गावी, शॉ विद्यापीठात, निरनिराळ्या राज्यांतील सत्याग्रही विद्यार्थी एकत्र जमले. एला बेकर या ज्येष्ठ कार्यकर्तीने हे संमेलन बोलाविले होते. तेथे लॉसन यांनी अहिंसेचे तत्त्व विशद केले, आणि तेथेच गाय कॅरवान या गायकाने सर्वांना हे गीत शिकविले. कॅरवान हे आदल्या वर्षापासून हायलँडर शाळेत संगीताचे काम पाहत होते. झिल्फिया हॉर्टन १९५६ मध्येच निवर्तल्या होत्या. सर्व विद्यार्थी उठून उभे राहिले. प्रत्येकाने आपले हात छातीपुढे एकमेकांवरून नेऊन शेजाऱ्यांचे हात धरले आणि सर्वजण संथपणे डोलत गाऊ लागले. घरी परतताना प्रत्येक प्रतिनिधीने हे गीत आपल्या गावी नेले. काही आठवड्यांतच ते दक्षिणेतील सत्याग्रहींचे ध्वजगीत बनले.

राली येथील संमेलन संपून दोन दिवस झाले नाहीत, तोच नॅशव्हिल येथे एक भयंकर घटना घडली. विद्यार्थ्यांचे खटले चालविणारे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर १९ एप्रिल १९६० रोजी पहाटे बाँब टाकण्यात आला. दैव बलवत्तर म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी बचावल्या. त्याच दिवशी हजारो लोक नगरभवनाकडे चालू लागले. कोणी घोषणा देत नव्हते, कोणी दगड उचलला नाही. ऐकू येत होती ती केवळ पावलांची चाहूल. नगरभवनाच्या पायऱ्यांशी आल्यावर मात गीताचे सूर उमटले. मग डायान नॅश या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने नगराध्यक्ष बेन वेस्ट यांना सर्वांदेखत विचारले, की केवळ कातडीच्या रंगावरून माणसामाणसांत भेद करणे तुम्हांला योग्य वाटते काय? नगराध्यक्षांनी प्रामाणिकपणे ते अयोग्य असल्याचे मान्य केले. १० मे रोजी त्या शहरातील उपाहारगृहे सर्वांना खुली होऊ लागली.

येथे एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष देणे अवश्य आहे. ‘मी’चा ‘आम्ही’ झाला हे चांगलेच झाले, असे आपण म्हटले. परंतु जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी गावच्या गायिका बर्निस जॉन्सन रेगन यांनी याविषयी निराळा विचार मांडला आहे. सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले होते. तेव्हा त्यांचे बोलणे अनुभवाचे आहे. त्या म्हणत, की आमच्या समाजात समूहाचा निर्धार ‘मी’ याच शब्दाने सांगण्याची रीत होती. ‘आम्ही येऊ’ असे सर्वजण म्हणाले, तर प्रत्यक्ष कोण येईल याचा भरवसा नाही. परंतु ‘मी येईन’ असे प्रत्येकाने म्हटले, तर प्रत्येकजण बांधला जातो. विचार करा, वर्ग स्वच्छ ठेवण्याचे ठरले आणि सर्वांनी ‘आम्ही ठेवू’ म्हणून आरोळी दिली, तर केरसुणी कोण उचलणार? ‘आम्ही’ हा शब्द खरा ठरावयाचा, तर त्याच्या पोटात प्रत्येकाचा ‘मी’ असावा लागतो. मंटगमरीची ती चौदा वर्षांची मुलगी अंधारात गायिली, ती अशाच ‘मी’च्या बळावर.

मे १९६३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम शहरी शाळकरी मुलांनीच मोर्चे काढले. त्यांतील कित्येक मुले तुमच्याच वयाची होती. चर्चमधून दोन दोनच्या रांगेने गात गात ती बाहेर पडत आणि पोलिसांच्या गाड्यांत जाऊन बसत. शेकडो मुलांना अटक झाली. अटकेने भागेना, तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे प्रचंड झोत सोडण्यात आले आणि कुत्रे घालण्यात आले. ती छायाचित्रे वृत्तपत्रांत पाहून सारे जग हळहळले. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी राजधानी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोक जमले. लिंकन यांच्या स्मारकासमोर बावीस वर्षांच्या जोन बाएझ या गायिकेने हे गीत म्हटले आणि त्या जनसागराने तिला साथ दिली.

गीताची खरी कसोटी अद्याप व्हावयाची होती. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा गावाहून सुमारे सहाशे माणसे मताच्या अधिकारासाठी चालत निघाली. पुलापलीकडे पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला. अग्रभागी असलेले जॉन लुईस यांचे डोके फुटले. लुईस हे नॅशव्हिल येथे लॉसन यांच्या वर्गात तयार झालेले विद्यार्थी. त्यांनी प्रतिकारासाठी हात उचलला नाही. या घटनेनंतर आठ दिवसांनी, १५ मार्च रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढे भाषण केले. मताचा अधिकार सर्वांना मिळालाच पाहिजे असे सांगताना त्यांनी या गीताचे शीर्षकच उच्चारले. कारखान्याच्या फाटकाशी भिजत गाणाऱ्या बायांचे शब्द वीस वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या मुखी आले! डॉ. किंग एका स्नेह्याच्या घरी दूरचित्रवाणीवर ते भाषण ऐकत होते. ते शब्द ऐकताच त्यांचे डोळे पाणावले, असे जॉन लुईस यांनी सांगितले आहे. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला.

एका गीताने कायदा झाला, असे मात्र कोणी समजू नये. कायदा झाला तो चालणाऱ्या, मार खाणाऱ्या आणि तुरुंगात जाणाऱ्या माणसांमुळे. गीताने त्यांचा हात धरून ठेवला. आणि कायदा झाला म्हणून सर्व संपले असेही नाही. डॉ. किंग यांनी ३१ मार्च १९६८ च्या रविवारी वॉशिंग्टन येथे दिलेल्या प्रवचनात या गीतातील विश्वासाचा पुनरुच्चार केला. चारच दिवसांनी, ४ एप्रिल रोजी, त्यांची हत्या झाली. वर्णभेदाचे अवशेष त्या देशात त्यानंतरही राहिले आणि त्यांच्याविरुद्धचा झगडाही चालू राहिला.

दरम्यान गीताने देशाच्या सीमा ओलांडल्या. उत्तर आयर्लंडमधील नागरी हक्कांच्या मोर्चांत ते गायिले गेले. १९८९ साली चेकोस्लोव्हाकियातील प्राग शहरी लाखो लोक हुकूमशाहीविरुद्ध रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी ते आपल्या चेक भाषेत म्हटले. आपल्या देशात बंगाली भाषेत हेमांग विश्वास आणि शिवदास बंद्योपाध्याय यांनी त्याची दोन निरनिराळी रूपे केली. हिंदीत ‘तारसप्तक’ या काव्यसंग्रहातील कवी गिरिजाकुमार माथुर यांनी त्याला जे रूप दिले, तेच आज आपल्या शाळाशाळांतून घुमते.

शेवटी एक मोठा प्रश्न उरला : हे गीत कोणाच्या मालकीचे? १९६० नंतर झिल्फिया हॉर्टन, पीट सीगर, गाय कॅरवान आणि फ्रँक हॅमिल्टन या चौघांच्या नावे एका प्रकाशनसंस्थेने गीताच्या हक्काची नोंद केली होती. एखाद्या व्यापाऱ्याने ते बळकावू नये, असा नोंदणीचा हेतू सीगर सांगत. येणारे पैसेही या मंडळींनी स्वतःसाठी ठेवले नाहीत. दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजाच्या कार्यासाठी त्यांनी एक निधी स्थापन केला आणि तो हायलँडर संस्थेकडे सोपविला. तरीसुद्धा, ज्या गीतावर हजारोंचे ऋण आहे, ते वापरण्यास परवानगी आणि मोबदला का लागावा, असा वाद उपस्थित झाला. २०१६ मध्ये चित्रपट तयार करणाऱ्या मंडळींनी न्यायालयात दाद मागितली. पहिल्या कडव्यात जुन्या गीताहून जे शब्द आणि स्वर बदलले आहेत, ते स्वामित्व सांगण्याइतके नवे नाहीत, असा निकाल सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने दिला. जानेवारी २०१८ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली आणि गीत सर्वांसाठी मुक्त झाले.

उपदेशकाने निर्धार दिला, कामगार स्त्रीने लय दिली, संपकऱ्यांनी ‘आम्ही’ दिला, गायकांनी कडवी दिली आणि अंधारात बसलेल्या एका मुलीने निर्भयता दिली. यांपैकी कोणीही एकट्याने हे गीत निर्माण केले नाही. आणि यांपैकी एक जरी नसता, तरी ते आजच्या रूपात आपल्यापर्यंत आले नसते. बालमित्रांनो, पुढच्या वेळी प्रार्थनेच्या तासाला हे गीत म्हणण्यास उभे राहाल, तेव्हा चार्ल्सटनच्या त्या पावसात उभ्या असलेल्या बायांचे स्मरण करा. त्यांच्या सुरात आपला सूर मिळविताना आपण कशावर मात करणार आहोत आणि त्यात आपला स्वतःचा वाटा कोणता, एवढा प्रश्न मनाशी विचारा. तो विचारणारा या गीताचा केवळ गायक राहत नाही. तोही त्याचा एक कर्ता होतो.

शब्दार्थ

उद्बोधक – ज्ञान देणारी, डोळे उघडणारी. अडसर – अडथळा. निवर्तणे – मृत्यू पावणे. विशद करणे – स्पष्ट करून सांगणे. सल – मनात टोचत राहणारी गोष्ट. ध्वजगीत – चळवळीची खूण ठरलेले गीत. स्वामित्व – मालकी. उभय – दोन्ही.

स्वाध्याय

१. जात्यावरची ओवी आणि या पाठातील गीत यांत कोणते साम्य आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ हा शब्द कोठे व का आला? याविषयी बर्निस जॉन्सन रेगन यांचे म्हणणे काय होते? तुम्हांला कोणता विचार अधिक पटतो, ते सकारण सांगा.

३. हायलँडर शाळेवर धाड पडली त्या रात्रीचा प्रसंग दहा-बारा ओळींत लिहा.

४. जेम्स लॉसन यांचा नागपूरशी कसा संबंध आला? तेथील वास्तव्याचा त्यांच्या पुढील कार्यास काय उपयोग झाला?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मात करणे, धीर देणे, दाद मागणे, पदरात पडणे, डोळे पाणावणे.

६. तुमच्या घरातील अथवा गावातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या दोन ओव्या मिळवा. त्या त्यांनी कोणाकडून ऐकल्या आणि त्यांत स्वतः काही बदल केला काय, याची विचारपूस करून वहीत नोंद करा.